माझ्या व्हायोलिनचा चॅनेल

८ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. धारवाडात गाणारे-वाजवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण स्वतःच्या घरात स्टुडिओ असलेला पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपचा निवृत्त निरीक्षक मी एकटाच. सध्या स्टुडिओ म्हणजे वरची मागची खोली, माझं व्हायोलिन आणि मोबाइल. माझा मित्र ईरण्णा दर रविवारी दहाला येतो. शब्द, चाल, गाणं आणि पेटी त्याची. जीव माझ्या व्हायोलिनचा. असं त्याला एकदा म्हटलं होतं. तो नाही म्हणाला नाही.
आजचं रेकॉर्डिंग ऐकलं. व्हायोलिन बेसूर येतंय. मोबाइलचा माइक भिकार.
निश्चय: चांगला माइक घेणे.

२२ जानेवारी
माइक आला. जरा जास्तच चांगला निघाला. खाली बायको विशाला भाकरी थापते, ते वर डग्ग्यासारखं उमटतं. तिला सांगितलं, रविवारी दहा ते बारा भाकरी बंद. ती म्हणाली, "मग बारानंतर जेवणही बंद." कलावंताला घरून विरोध होतोच.
व्हायोलिन अजून बेसूर. खोली घुमते, दुसरं काय!

५ फेब्रुवारी
खोली घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले. विशाला दारातच थिजली. "अहो, आपण लिंगायत. या घरात कधी अंडं आलं नाही आणि हे एवढे ट्रे? माझ्या आईला काय सांगू?" ध्वनिशास्त्र सांग, म्हटलं. तासाभरात ट्रे रस्त्यावर.
आता भिंतींना गाद्या. पाहुणे आले की उतरवायच्या.

२६ फेब्रुवारी
लॅपटॉप घेतला, त्याला ऑडिओ इंटरफेस बसवला. आता गाणं, पेटी, व्हायोलिन असे तीन वेगळे चॅनेल, एकेकाचा आवाज कमी-जास्त करता येतो. ईरण्णा मिक्सिंग शिकलाय, पण ते स्वतःच्या घरी करतो. इथे कर म्हटलं तर म्हणे, "नागण्णा, तुझ्यासमोर माझा हात चालत नाही." माझा दरारा आहे खरा.

५ मार्च
पहिलं तयार गाणं आलं. काय व्हायोलिन! मधासारखं. तीनदा ऐकलं. वाजवताना मला इतकं गोड लागलं नव्हतं, पण तन्मय झालेल्याला कुठलं भान?
गाद्यांचा परिणाम. शंकाच नको.

२३ एप्रिल, बसव जयंती
सभागृहात आमचं चौथं गाणं लावलं. गदगचे साडू चक्क डोळे पुसत होते. "व्हायोलिन कोणाचं हो?" म्हणाले. मी उभा राहिलो. टाळ्या. विशालाला नेमकी तेव्हाच चप्पल शोधायला जायचं होतं. ईरण्णा छताकडे बघत होता. मत्सर. जवळच्या माणसाला होतो तो. मी मनात ठेवणार नाही.

७ मे
नवे हेडफोन आले. बारकावे ऐकू म्हणून ईरण्णाकडून सगळ्या फायलींचा पेन ड्राइव्ह मागून आणला. द्यायला फार वेळ लावला त्याने.
चारही गाण्यांत 'नागण्णा' नावाचा चॅनेल म्यूट. वाजतंय ते 'सौजन्या की-बोर्ड', व्हायोलिनच्या आवाजात. सौजन्या म्हणजे ईरण्णाची हुबळीची भाची.
फोन केला. म्हणाला, "वायर सैल असेल." म्यूटला वायर नसते, एवढं इंटरफेस घेतल्यापासून मलाही कळतं. मग फोन ठेवला. मेथी निवडणाऱ्या विशालाला सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, "कळलं का शेवटी!"
म्हणजे घरातसुद्धा!
दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट होतं, ते टाकवत नाही म्हणून खाल्लं.

१४ मे
ईरण्णाला येऊ नको म्हणून कळवलं. आता एकल वादन. माइक उत्तम, गाद्या जागच्या जागी, विशाला माहेरी. अडवणारं कोणी नाही. वाजवलं. हेडफोन लावून ऐकलं.
एका मिनिटानंतर काढले. हेडफोन व्हायोलिनला न्याय देत नाहीत.

२१ मे
दहाला जिन्यात पावलं वाजली. दूधवाला. वरची खोली उघडली नाही.

४ जून
ईरण्णा आपली पेटी न्यायला आला. मी ठरवलेलं सगळं बोललो. मित्र म्हणवतोस, साडूंसमोर मला उभं राहू दिलंस, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "फसवलं मी. तुला खरं सांगितलं असतं तर तू वाजवणं सोडलं असतंस. मग रविवारी मी कुठे गेलो असतो रे? गौरव्वा गेल्यापासून माझ्या घरात पेटी उघडवत नाही."
त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी समोर बसूनही मी त्याला कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं. ते इथे लिहायचं कारण नाही, पण लिहिलं.
विशालाने खालून विचारलं, "पानं किती घेऊ?" मी तीन म्हटलं.
जेवणाआधी एक गाणं केलं. माझी अट: म्यूट करायचं नाही, आणि मिक्सिंग माझ्या डोळ्यांदेखत. ईरण्णाने हेडफोन लावले. ऐकताना त्याचे खांदे हळूहळू कानांपर्यंत गेले. "ठेवतो," म्हणाला. "फक्त जरा हळू करतो हं." जराच म्हणाला, म्हणून मी हो म्हटलं आणि पाणी प्यायला उठलो.
तो गेल्यावर बघितलं. माझ्या चॅनेलला शंभरातले चार ठेवलेत.
पंखा बंद केला, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले, की येतं ऐकू.