लिमन हॅचेट चुकला नव्हता, याची नोंद होणेबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक, अपघात नोंद शाखा,
चिनाबी रेल्वे कंपनी, मुख्य कचेरी, अलाबामा

विषय : दिनांक १४ जून १९४९ च्या अपघात नोंदीतील ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ हे शब्द काढून टाकणेबाबत (चौथा अर्ज)

संदर्भ : आपल्या कचेरीची तीन नकारपत्रे

महोदय,

मी, ओबेडाया प्रुइट, गँग क्रमांक सहामधील रूळदुरुस्ती कामगार, सविनय कळवितो की माझा सहकारी लिमन हॅचेट कामावर असताना पहार छातीत लागून मरण पावला. आपल्या नोंदीप्रमाणे त्याने इतरांबरोबर जोर लावला नाही, म्हणून दोष त्याचाच. ही नोंद खोटी आहे. ‘खोटी’ हा शब्द कडक वाटल्यास क्षमा असावी, पण मवाळ शब्द मागील तीन अर्जांत वापरून झाले आहेत.

२. पहिल्या पत्रात आपण विचारले की गाण्याचा आणि अपघाताचा संबंध काय. तो असा : गाड्यांच्या वजनाने वळणावरचे रूळ बाहेर सरकतात. आठ जण रुळाखाली पहारी अडकवतात आणि एकदम जोर लावून ते परत जागेवर आणतात. मुकादम लांब उभा राहून रूळ रेषेत आला का ते पाहतो. मी गातो. पहिल्या ओळीला सगळे रुळावर पहारीचे ठोके देतात, दुसरीच्या शेवटच्या शब्दाला जोर. एकाचा जोर मागे राहिला तर त्याची पहार उसळते. आमच्या बापजाद्यांपासून हे असेच चालत आले आहे, आणि तेरा वर्षांत लिमनची पहार एकदाही मागे राहिली नव्हती.

३. दुसऱ्या पत्रात आपण कळविले की कंपनीत ‘गायक’ असे पद नाही, त्यामुळे मी गात असल्यास कामाच्या वेळेत काम करीत नव्हतो आणि माझ्यावरच कारवाई होऊ शकते. महोदय, पद नाही हे मान्य. मग जे पदच नाही ते बंद करण्यासाठी २ मे रोजी कंपनीने परिपत्रक का काढले? त्याचे कारण सगळी गँग जाणते. आम्ही संघटना बांधत होतो. काळ्या माणसाने सभेची चिठ्ठी लावली की दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाई, म्हणून मी सभेचे निमंत्रण गाण्यातून देत असे :

चला गड्या शनिवारी चर्चमागं बसू,
मुकादमानं पुसलं तर गालात हसू.

सगळे हसले, तिथेच घात झाला. मुकादम मि. स्टॅगर्स मूर्ख नव्हते. “आजपासून गाणं बंद, जोर माझ्या शिट्टीवर लावायचा. आणि ओबी, तोंड उघडलंस तर उद्या यायचं नाही,” असे त्यांनी मला सर्वांसमक्ष बजावले.

४. तिसऱ्या पत्रात आपण गाण्याची प्रमाणित प्रत मागितली. ओळी वर लिहिल्या आहेत, पण ठोके कागदावर येत नाहीत. म्हणून आम्ही सात जण पहारी घेऊन आपल्या कचेरीच्या मागच्या दाराशी आलो. पहारेकरी म्हणाला, पहारीसकट आत सोडता येत नाही. आम्ही म्हणालो, पहारीशिवाय दाखवता येत नाही. दुपारपर्यंत उभे राहून परतलो. ती हजेरी कुठे लिहिली असल्यास पाहावी.

५. लिमन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातही जणांनी पहारी जमिनीत रोवल्या आणि गाणे मिळेपर्यंत हात लावला नाही. तीन दिवस वळण वाकडेच राहिले, मालगाड्या खोळंबल्या. चौथ्या दिवशी मि. स्टॅगर्स पाठ फिरवून उभे राहिले आणि म्हणाले, “गा, काय गायचं ते.” तेव्हापासून मी रोज गातो. परिपत्रक मात्र कायम आहे आणि नोंदही. गाण्यावाचून काम होत नाही हे कंपनीला कळले, पण कागदावर चूक लिमनचीच राहिली.

६. त्याची बायको व्हर्डेल कपडे धुण्याची कामे करते. ती मला म्हणाली, “तेरा वर्षं चुकला नाही माझा माणूस, आणि मरायच्या दिवशीच चुकला होय? ते शब्द पुसून आण, ओबी. मग माझ्या पायरीवर ये.” आठ महिने झाले, मी त्या पायरीवर गेलेलो नाही.

७. मागील तीन अर्जांत जे लिहिण्याची छाती झाली नाही, ते आता लिहितो. त्या सकाळी लिमनने पहार अडकवली आणि मुकादमाकडे पाहिले नाही. सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिले. म्हणाला, “ओबी, गा की रे मर्दा.” शिट्टी कधी वाजेल ते आम्हा कुणालाच कळत नसे, गाणे मात्र आधी सांगून येते. मी त्याच्याकडे पाहिले, मि. स्टॅगर्सकडे पाहिले आणि गप्प राहिलो. घरी पाच खाणारी तोंडे आहेत, एवढेच तेव्हा मनात आले. शिट्टी वाजली. सहा जणांनी जोर लावला, मीही लावला. लिमन अजून माझ्या तोंडाकडेच पाहत होता.

सबब विनंती की ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ हे शब्द खोडावेत. कारणाचा रकाना रिकामा ठेवण्याची कंपनीची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. परिपत्रकाचे नाव तिथे लिहिता येत नसेल, मुकादमाचे येत नसेल, तर माझे लिहावे : ‘ओबेडाया प्रुइट गायला नाही.’ त्याखाली मी सही करीन, आणि तो कागद घेऊन व्हर्डेलच्या दारी जाईन. मग तिने पायरी चढू दिली नाही तरी चालेल.

उत्तराची वाट पाहत,
आपला नम्र,
ओबेडाया प्रुइट
पाइन सायडिंग, २० फेब्रुवारी १९५०

सोबत :
१. गाणे बंद करणाऱ्या परिपत्रकाची नक्कल.
२. गँगमधील सहा जणांच्या सह्या व अंगठे.
३. लिमन हॅचेट याची पहार. (टपालात घेतली नाही. त्याच्या जागी रुळाशेजारी उभी आहे, केव्हाही येऊन पाहावी.)