चर्चचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्याबाबत

श्रीमती सिग्ने मरेन रोस्टाड हिस, एल्डन रोस्टाड याचा सप्रेम नमस्कार.

पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करावी, असा शिष्टाचार आहे. तुझ्या बाबतीत ती कोणत्या शब्दांत करावी याचा मी पुष्कळ विचार केला आणि अखेर ‘तुझी कंबर आता दुखत नसावी, अशी आशा आहे’ एवढेच लिहिणे उचित मानले. माझी प्रकृती उत्तम आहे. (डाव्या गुडघ्याने आपली भूमिका बदललेली नाही.) खिडकीतल्या तुझ्या कुंड्या एक वगळता सर्व जिवंत आहेत. त्या एकीला मी काळजीपोटी पाणी अधिक घातले.

आता मुख्य विषय. गेल्या आठवड्यात बर्फाचे वादळ झाले आणि गावची वीज गेली. मिनेसोटात राहून त्याचे नवल करायचे नसते. परंतु ती परत आली ती अशा आवेशाने, की चर्चच्या तळघरातले कॉफीचे पिंप गुरगुरले, दिवे क्षणभर निळे झाले आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरने मान टाकली. त्यात केवळ वर्गण्यांची पत्रके असती, तर मी तुला तसदी दिली नसती. मात्र तुझी बोटे साथ देत होती त्या शेवटच्या हिवाळ्यात तू ऑर्गनवर वाजवून ठेवलेली सगळी पदे त्याच्याच पोटात आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. तू गेल्यापासून दर रविवारी मी बटण दाबतो, तू वाजवतेस आणि मंडळी गातात. (प्रत्येक पदाआधी तू ‘एल्डन, लागला का तो लाल दिवा?’ असे ध्वनिमुद्रणाच्या दिव्याविषयी विचारतेस. तो उपासनेचा भाग नसल्याने तेवढ्यापुरता मी आवाज बंद ठेवतो. शनिवारी चाचणी घेताना मात्र पूर्ण ऐकतो. चाचणी अपुरी ठेवणे योग्य नव्हे.) तो कॉम्प्युटर गेला, तर तू दुसऱ्यांदा जाणार होतीस, हे मी कोणाला बोललो नाही, तुला सांगतो.

मी तपास पद्धतशीरपणे आरंभला. भिंतीतल्या प्लगमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. मग तोच दिवा त्या लांबट पट्टीत लावला, जी विजेच्या धक्क्यापासून रक्षण करते असे तिच्या वेष्टनावर छापले होते. तो लागला नाही. पट्टी कर्तव्य बजावताना कामी आली होती. कॉम्प्युटर थेट भिंतीला जोडला, तरी तो मुकाच. माहितीपुस्तिकेच्या आदेशानुसार मी वायर काढून त्याचे बटण बराच वेळ दाबून धरले. (अशा वेळी कोणी आत आले, तर चेहरा कसा ठेवावा, हे पुस्तिकेत दिलेले नाही.) आत आली ती कॉफीच्या टेबलाची सर्वाधिकारी ऑर्डेल. “बिचारा गारठला असेल,” म्हणत तिने त्यावर लोकरीची शाल पांघरली. ती काढण्याचे धैर्य मला झाले नाही. दिवसभर मंडळी भेटायला येत राहिली, आजाऱ्याला भेटावे तशी, आणि प्रत्येकाने जाताना माझा हात दाबून म्हटले, “नाही झाला सुरू, तरी चालेल हो, एल्डन.” त्यांच्या त्या समजूतदारपणाने मी भारावून गेलो.

यानंतर घोटाळा झाला. वँडा पिकेट तुला ठाऊक नाही. टेक्सासहून लेकीकडे राहायला आली आहे. विमानतळावरच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात तिची उमर गेली आणि आवाजही तिथेच मोठा झाला असावा. शुक्रवारच्या कॉफीला ती मला म्हणाली, “राजे, मी बघू का तुमचा तो डबा?” मी म्हणालो, “छे छे, तुम्हाला कशाला त्रास!” आपल्याकडे देऊ केलेली मदत दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा ‘तुमचा आग्रहच असेल तर’ म्हणून स्वीकारायची, हे तुला सांगायला नको. दुसरा नकार मी जिभेवर तयार ठेवला होता. वँडा म्हणाली, “बरं!” तिने हातातली वडी संपवली, कोट चढवला आणि ती निघून गेली.

तळघरातले सगळे दाराकडे पाहत राहिले.

“गेली?” ऑर्डेलने विचारले.

“गेली.”

“दुसऱ्यांदा विचारलंच नाही?”

“नाही.”

“अगं बाई!” ऑर्डेल खुर्चीवर बसली. “या लोकांना घरी काही शिकवतात की नाही?”

यावर उपाय म्हणून ऑर्डेल दुसऱ्या दिवशी सकाळी वँडाकडे ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा हॉटडिश घेऊन गेली, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर असलेला, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते कळावे. दारात उभी राहून ती बर्फाविषयी बोलली, रस्त्यांविषयी बोलली, आणि ‘रविवारी चर्चमध्ये फारच शांत शांत वाटेल’ असेही बोलली. वँडाने आभार मानून भांडे ठेवून घेतले व दार लावले. त्यामुळे अखेर मलाच जावे लागले. मी हॅट हातात घेऊन पायरीवर उभा राहिलो आणि माझ्या हयातीत न उच्चारलेले वाक्य उच्चारले: “मला मदत हवी आहे.” (वाक्य लहान आहे, परंतु मध्ये मला एकदा खोकावे लागले.)

“अहो, मग कालच सांगायचं की!” वँडा ओरडली. “मी विचारलं तर ‘छे छे’ म्हणालात!”

“ते पहिले ‘छे छे’ होते.”

“तुम्ही मंडळी लग्नं तरी कशी जमवता हो?” असे म्हणत तिने हत्यारांची पेटी उचलली. (तुझ्या-माझ्या बाबतीत अखेर तूच विचारलेस, हे मी तिला सांगितले नाही.)

वँडाने शाल घडी करून ठेवली, झाकण उघडले आणि मला आत नाक घालायला लावले. करपल्याचा वास होता. “हा वीज पुरवणारा डबा जळलाय. पण यात त्या ऑर्गनवाल्या बाईंचं काही नाही. बाई राहतात इथे,” असे म्हणून तिने प्रार्थनेच्या पुस्तकाएवढ्या एका चपट्या पेटीवर टिचकी मारली. रविवारच्या शाळेतला जुना कॉम्प्युटर अडगळीत पडला होता. त्याचा डबा काढून तिने याला बसवला. पंखा फिरला. पडदा उजळला. मी चाचणीसाठी पहिले पद लावले आणि घाईत आवाज फार मोठा लागला.

“एल्डन, लागला का तो लाल दिवा?”

“कोण हो ही?” वँडा दचकली.

“माझी पत्नी.”

“मग उत्तर द्या की तिला!”

मी उत्तर दिले. “लागला,” म्हणालो. त्यानंतर तू वाजवलेस, आणि वँडाने बराच वेळ हत्यारे पुसली. माझ्या छातीवरचे ओझे उतरले, असे मी सामान्यतः लिहीत नाही. परंतु ते उतरले. रविवारी सर्व पदे यथास्थित पार पडली. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
एल्डन

ता. क. वरील ‘यथास्थित’ हा शब्द तपासून घ्यावा लागला. उपासनेनंतर मी वँडाला विचारले, गाणे कसे झाले? ती म्हणाली, “बाई वाजवतात झकास, पण थांबत नाहीत हो! म्हातारे श्वास घेईतो त्या पुढच्या कडव्यात!” सगळ्यांचे कप हवेत थांबले. ऑर्डेल म्हणाली, “जरा वेगळंच होतं, एवढंच.” (आपल्याकडे याहून कठोर शब्द नाही, हे तू जाणतेस.) मग मी पास्टर जोआन यांना सरळच विचारले. त्या कपात पाहत म्हणाल्या, “ऑर्डेलची सून वाजवायला तयार आहे, एल्डन. तुम्हाला विचारायचं कोणाला धाडस होत नव्हतं.” तू हयात असताना ऑर्गनवरच्या आरशात मागची मंडळी पाहून त्यांच्या श्वासासाठी थांबत असायचीस. ही पदे वाजवलीस तेव्हा चर्चमध्ये मी एकटा होतो, आणि मी गात नाही.

आणखी ता. क. पुढल्या रविवारपासून ऑर्डेलच्या सुनेने वाजवावे, यास तुझी संमती असावी, ही विनंती; पत्राचे प्रयोजन तेवढेच होते. तिचा पाय पेडलवर जरा जड पडतो, तिकडे दुर्लक्ष करावे. तुझी सर्व पदे, आरंभीच्या प्रश्नांसह, वँडाने तुझ्या-माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आणून दिली आहेत. आज दुपारी मी कार्यालयाचे दिवे मालवले, दाराला कुलूप लावले आणि तुझ्या दोन्ही किल्ल्या, कार्यालयाची व ऑर्गनची, पास्टर जोआन यांच्याकडे परत केल्या.