सकाळचा धूर, संध्याकाळचा धूर

पुएर्तो तालास, उरुग्वे
१० एप्रिल १९५९

चि. अदेल्मो यास एल्विराताईचे अ. उ. आ.

इकडे सगळे बरे. तुझ्या भाच्याच्या कांजिण्या ओसरल्या. नदी मात्र ओसरायचं नाव घेत नाही. बेटाचा वाळूचा पट्टा बुडाला, आज बाबांच्या चुलीचा धूर वरच्या झाडांतून आला. सकाळी माझ्या काठाकडे आणि संध्याकाळी तुझ्या काठाकडे चूल पेटवायचा त्यांचा नेम आई गेल्यापासून चुकलेला नाही, तेवढाच जिवाला आधार.

उतरून या, असा नावाड्याबरोबर निरोप धाडला होता. त्यांनी उलटं कळवलं की, बेट ब्राझीलचं की उरुग्वेचं हे दोन सरकारांना इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. आता मी एका काठावर पाय ठेवला, तर दुसऱ्याला वाटेल म्हाताऱ्याने निकाल लावला! सरकारांचं नाव उगाच रे. त्यांना धास्ती आपली. इकडे आले तर तू रुसशील, तिकडे गेले तर मी.

आणि मी रुसेनच. आईच्या वेळी तू माझ्यासाठी थांबला नाहीस. मी पोचले तेव्हा तिच्यावरची माती सुकलीसुद्धा होती. म्हणून आधीच बजावते: पाणी झोपडीला लागलं की बाबांना मी घरी आणणार. तेव्हा भांडायला येऊ नकोस.

राग धर हवा तर, पण लोभ सोडू नकोस.
तुझी ताई

बारा दो सालसो, ब्राझील
२० एप्रिल १९५९

ती. एल्विराताईस,
अदेल्मोचा शि. सा. न.

बोललीस तसं करून दाखवलंस तर! कित्येक संध्याकाळी बेटावर धूर नाही, म्हणजे बाबा तुझ्याकडे सुखरूप आहेत. पण बाई, एक ओळ लिहायला काय शाई महाग झाली होती?

चौकीवर चौकशी केली. हवालदार म्हणाला, पलीकडच्यांनीच नेलं असणार. त्यांना विचारल्याशिवाय आम्ही बेटावर जात नाही, आम्हाला विचारल्याशिवाय ते जात नाहीत. इतक्या वर्षांचा शेजार आहे, उगाच वाकडं कशाला? मलाही ते पटलं.

बाबांना चहात साखर घालून देऊ नकोस, कपासकट फेकतील. छातीला रात्री शेक दे. आईची गोष्ट मनातून काढ आता, ताई. बाबा तुझ्याकडे आहेत म्हणून मी कुठे कुरकुर करतोय? थोडी करतोय, ती धाकटा म्हणून पोटात घाल.

बाबांच्या पायांवर माझं डोकं ठेव.
अदेल्मो

पुएर्तो तालास
२० एप्रिल १९५९

चि. अदेल्मो यास आशीर्वाद.

जिंकलास रे! मी होडीसाठी घाटावर शिपायांच्या विनवण्या करत बसले, आणि इकडे सकाळचा धूर बंद. तुमच्या बाजूची एक होडी बेटाकडे वळलेली कुणी पाहिली म्हणे. तेव्हाच समजले. आई तुझ्याकडे, आता बाबाही तुझ्याकडे. विचारायची रीत तुला तेव्हाही नव्हती.

त्यांच्यासाठी खिडकीपाशी खाट मांडली होती. बिहीचा मुरंबा घातला होता. खाट मोडणार नाही आणि मुरंबा पाठवणार नाही. खायचा असेल तर इकडे या म्हणावं.

रागावले आहे, तरी तुम्हा दोघांचं भलंच चिंतते.
ताई

पुएर्तो तालास
२९ एप्रिल

अदेल्मो,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. तुझं पत्र आत्ता हाती पडलं. बाबा माझ्याकडे नाहीत रे. इथे ते आलेच नव्हते. अरे देवा, आपण काय करून बसलो!

मी होडी काढते आहे. शिपाई अडवत आहेत, अडवोत बापडे. हे पत्र नावाडी तुझ्याकडे पोचवील, त्याच्याबरोबरच नीघ. कुणालाही विचारू नकोस.

एल्विरा

बारा दो सालसो
१७ मे १९५९

ती. ताईस,
अदेल्मोचा शि. सा. न.

तुला नावेत बसवून परतलो तेव्हापासून पत्र लिहायला बसतो आणि उठतो. डोळे मिटले की झोपडीचा माळा दिसतो. तू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, म्हणून काय काय पडलं होतं ते तू पाहिलं नसशील. मी पाहिलं. भिजलेल्या काड्यांच्या पेट्या. अर्धवट करपलेला सदरा. मोडलेल्या खुर्चीचे पाय. धूर करायला त्यांनी हाताला लागेल ते पेटवून पाहिलं होतं, ताई. पेटलं नाही तेव्हा त्यांना वाटलं असेल, आज धूर दिसला नाही, म्हणजे दोघांपैकी एक तरी येईलच.

आपण पत्रं लिहिली.

माती द्यायला दोन्हीकडचे शिपाई टोप्या काढून उभे होते, ते तू पाहिलंसच. तू गेल्यावर आमचा हवालदार म्हणाला, बेट कुणाचं ते सरकारं बघतील, म्हातारा आमचाही होता. तो रडत होता. मला त्याला दोष देता येईना. मी तरी दुसरं काय केलं होतं?

आईच्या वेळी मी थांबायला हवं होतं. चुकलो. येत्या रविवारी तू ये, दोघं मिळून तिच्यापाशी जाऊ. येताना मुरंबा आण. ते नाहीत म्हणून फेकू नकोस.

आणखी एक मागणं आहे. रोज सकाळी तुझ्या काठावर चूल पेटव, मी इथून बघीन. संध्याकाळी मी पेटवीन. एक दिवस जरी धूर चुकला, तरी कुणी नेलं असेल, कुठे गेली असेल, असलं काही मनात न आणता मी होडी सोडीन. तूही सोड.

लाकडं कोरडी ठेवत जा, आणि या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
अदेल्मो

ता. क. आज पेटवली आहे. दिसली का?