आक्कासाठी गारवा

६ एप्रिल
आक्का आली. माझी आई दरवर्षी चार दिवस राहते आणि शेलार गावाला, थोरल्या महादूदादाच्या पत्र्याच्या घरी पळते. लोकांना वाटतं, प्रितेशला आई जड झाली. या वर्षी दिवाळीपर्यंत ठेवणार म्हणजे ठेवणार. एसी घेतलाय. दादाकडे पंखा आहे, तोही कुरकुरतो.

९ एप्रिल
एसी सोळावर, तरी खोली कोमट. दिपाली म्हणते, एसी लहान घेतला. बायकोला विषय कळत नाही. मी मानकोलीच्या कोल्ड स्टोरेजला शिफ्ट इनचार्ज आहे. फटी आहेत फटी! वीज आपली आणि गारवा रस्त्याला.

१० एप्रिल, सकाळी ७
उदबत्ती टेस्ट. धूर हलला की तिथे फट. दाराशी हलला. आक्काच्या खिडकीशी तर आडवाच झाला. मी घरभर उदबत्ती फिरवतोय बघून आक्काने हात जोडले.
खिडकी हीच खरी चोर. समोरच्या बिल्डिंगची खिडकी हातभर लांब, तिथे कुबराचाची. दोघी दिवसभर गजांतून बोलतात. काल इकडून सुकटीची चटणी गेली, तिकडून सांदणं आली. एका वाटीमागे किती गारवा जातो, कोणी विचार करत नाही.

१२ एप्रिल
धामणकर नाक्यावरून फोमची पट्टी आणली. दाराखाली लूमच्या वेस्ट सुताची वळकटी. दार आता खांदा दिला की लागतं. धुराला वाट नाही, म्हणून फोडणी बंद, उकडलेलं खायचं. तब्येतीलाही बरं. दिपालीचं मत विचारलं नाही, तरी तिने दिलं.

१५ एप्रिल
आक्का सारखी खिडकी उघडते. समजावलं. म्हणाली, "दिसाचं दार लावून बसाया आपले घरान कोन मेलाय?" जुनी माणसं. सवय होईल.

१६ एप्रिल
सवय होईना. खिडकीच्या फटींत सिलिकॉन मारून ती चिकटवूनच टाकली. दुकानदार म्हणाला, पाच वर्षं बघायला नको.

१९ एप्रिल
धूर जवळजवळ सरळ. आक्काही हल्ली कमी बोलते, घरात शांतता आहे. काचेवर अधूनमधून टकटक होते. कबुतर असावं.

१९ एप्रिल, संध्याकाळी ५
कबुतर नव्हतं, कुबराचाची होती. चमच्याने काच वाजवते. आक्का आतून हातवारे करून बोलते. खांद्यांना व्यायाम.

२४ एप्रिल
भर दुपारी लाइट गेली. मी बिनधास्त. आमच्या गोदामात दार उघडलं नाही तर माल आठ तास गार राहतो. ऑर्डर दिली, कोणी दार उघडायचं नाही. वीस मिनिटं छान गेली. चाळीसाव्या मिनिटाला दिपालीने लाथ घालून दार उघडलं आणि आक्काला जिन्यात बसवून पदराने वारा घातला. गोदामातला माल श्वास घेत नाही, एवढं हिशेबात धरायचं राहिलं. किरकोळ सुधारणा करतो.

२५ एप्रिल
दादा रिक्षा घेऊन आला. आक्काने पानाची चंची घेतली, दोन लुगडी घेतली. मी म्हटलं, एसी तुझ्यासाठीच घेतला ना. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "गार केलास, बरा केलास. पन बोलू कोनाशी?" दादाने रिक्षा सुरू केली.
आठवड्यात येईल. पत्र्याखाली मे महिना कोण काढतो?

८ मे
आली नाही. दिपाली तिला बघायला शेलारला गेली. दोन दिवसांसाठी.

१८ मे
बिल आलं, निम्मं! पद्धत सिद्ध झाली. शेलारला फोन करून दिपालीला सांगितलं. ती म्हणाली, घरात माणूस नाही तर बिल कुठून येणार. बाईचा स्वभावच असा. आक्काला फोन दे म्हटलं. आक्का ओट्यावर बायकांत बसलीय, मग करेल म्हणाली.

२० मे, संध्याकाळी ६
फोन आला नाही. उदबत्ती लावली. धूर सरळ छतापर्यंत, कुठे म्हणून हलला नाही. बघत बसलो.
टकटक झाली. कुबराचाची, हातात झाकलेली वाटी. हातानेच विचारलं, आक्का कुठे? मी हातवारे केले. तिला कळेना. मलाही कळेना, हाताने हे सांगायचं कसं.
खिडकी उघडायला गेलो. सुरी घातली, स्क्रू-ड्रायव्हर घातला. चाची वाटी धरून थांबली होती. बऱ्याच वेळाने ती आत गेली.
सिलिकॉन चांगल्या प्रतीचं आहे.