सहा किनाऱ्यांची बोट

दि. ४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघं भांडतो आणि मध्ये आईचा जीव जातो, म्हणून सहलीबद्दल जे काय बोलायचं ते कागदावर बोला, असं फर्मान आईने काढलं आहे. शाई वाळेपर्यंत तरी राग निवतो, असं तिचं म्हणणं. माझा निवलेला नाही, तरी लिहितो.

आईच्या सत्तरीनिमित्त सगळ्यांनी आठ दिवस बोटीवर जायचं, हे डिसेंबरातच ठरलं. तेव्हा तूही हो म्हणालीस. मी पहिली बोट शोधली, तिच्यात चार किनारे निघाले, तू नाक मुरडलंस. दुसरी नदीतून जाणारी शोधली, तर तिच्यावर जुळ्यांसाठी स्विमिंग पूल नाही म्हणून तुझ्या वहिनीने नाक मुरडलं. तिसरीत वाळू कमी आणि खडक जास्त होते, तर खडकावर मुलं घसरतील म्हणून पुन्हा वहिनीच. तुम्हा दोघींची नाकं सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आले आहेत.

मी लिफ्टच्या देखभालीत वीस वर्षं काढली. बंद लिफ्टमध्ये अडकलेली माणसंसुद्धा इतका छळ करत नाहीत. त्यांना निदान वर जायचंय की खाली, एवढं तरी ठाऊक असतं. तुला काय हवंय ते तू एकदाही सांगितलं नाहीस. मुंगी म्हणवून घेऊन वाळूचा इतका तिटकारा करणारी जगात तू एकटीच असशील. वाळूने तुझं नक्की काय घोडं मारलंय ते एकदा नीट लिही, म्हणजे मी पुढची बोट बघतो.

आई बरी आहे. जुळ्यांना दात येऊन पडायलाही लागले, त्यामुळे ती दोघं आत्याच्या कारखान्यात दात मिळतात का विचारत असतात. लोभ आहे, तो या सहलीनंतरही उरावा.

तुझा दादा

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाळूने काय घोडं मारलं ते एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. मी दिवसभर कवळ्या घडवते. सकाळी नऊपासून समोर प्लास्टर, मेण आणि पॉलिशची ओली भुकटी. ती नखांत जाते, बाहीत जाते, डब्यातल्या घासातही कचकचते. वर्षातून एकदा मला सुट्टी मिळते, आणि तेव्हा तू मला तीच कचकच खाऱ्या पाण्यात कालवून देणार. वर डोक्यावर ऊन, ओले कपडे, आणि टॉवेलच्या आडोशाने एका पायावर नाचत कपडे बदलायचे. ज्यांना यात सुख वाटतं त्यांनी ते खुशाल घ्यावं.

पण दादा, मला किनारा आवडत नाही एवढंच मी म्हणाले होते. सगळ्यांचे किनारे काढून टाका, असं नव्हते म्हणाले. तुम्ही उतरा, मी बोटीवर पुस्तक वाचत बसेन, हे मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू एकच पालुपद लावलंस, की सहल म्हणजे सगळ्यांनी सतत एकत्र. आता घरात जो तो म्हणतो मुंगीमुळे अडलं. खडक नको वहिनीला, नदी नको वहिनीला, आणि नाव माझं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणखी एक. खोल्यांच्या वाटणीत तू आईला जुळ्यांबरोबर टाकलंस आणि मला दोन मजले खाली. सत्तरी आईची आहे की त्या दोघांची? तुम्ही दोघं रात्री नाचायला जाणार आणि आई गोष्टी सांगत बसणार, हे मला पत्रिका न बघता कळतं.

जुळ्यांना सांग, दात मिळतात, पण ते फक्त म्हाताऱ्यांना. वहिनीस नमस्कार, रागावली असली तरीही.

तुझी
मुंगी

*

दि. १२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र तुला एकटीला आहे. जेवताना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

सहलीवरून मी आडमुठेपणा करते असं तुला वाटत असेल. थोडा करतेच. पण मला जे हवंय ते दादाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. मला तू हवी आहेस. एकटी. बाबांना जाऊन तीन वर्षं होत आली आणि आपण दोघी त्यांच्याबद्दल अर्धा तासही बोललेलो नाही. दिवस होतात न होतात तोच दादा तुला घेऊन गेला. प्रेमानेच नेलं, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवसापासून तू मला गर्दीतच भेटतेस.

फोन केला की तो स्पीकरवर असतो. तुमच्या घरचा फोन म्हणजे स्टेशनवरची घोषणा, सगळ्यांनी ऐकायची. ऑक्टोबरात मुद्दाम आले, तर आपण दोघी पायी फिरायला निघालो आणि दादाने गाडी काढली. तो इतका चांगला वागतो, की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. जेवताना मी बाबांचं नाव काढलं, तर नळ गळतोय वाटतं असं म्हणत तो उठलाच. मग तू विषय बदललास आणि मीही तो बदलू दिला.

आई, बाबा दाढी करताना शीळ घालायचे ना? ती कुठली चाल होती हे मला परवा आठवेना. कामाच्या टेबलावर हातातला जबडा खाली ठेवून मी आठवत बसले, आठवली नाही, आणि मग रडायलाच आलं. शेजारच्या बाकावरच्या पोराला वाटलं माझं बोट कापलं. मला हे सगळं तुझ्याशी बोलायचं आहे. रडायचं तर रडू, हसायचं तर हसू. या आठ दिवसांत ते होईल म्हणून मी डिसेंबरात हो म्हटलं होतं. आता बोट कुठली यावरच सगळा जीव चाललाय. मी अगदी वैतागले आहे.

तब्येतीला जप. तुझीच आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी
मुंगी

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

जुळ्यांच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. मांडीवर दोन टॉवेल आणि एक चष्मा. घरी लिहायला बसले की कोणी ना कोणी काय लिहितेस म्हणून वाकतंच.

तुझं पत्र न्हाणीघरात वाचलं. मग नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. बाळा, तुला वाटतं तुलाच बोलायचं आहे. मी तर काठोकाठ भरले आहे. त्यांच्याबद्दल मी इथे कोणापाशी बोलू? सूनबाई ऐकते बिचारी, पण तिने त्यांना जवळून पाहिलं ते आजारपणातच. डोळ्यांवर एक चष्मा असताना दुसरा शोधत घर डोक्यावर घेणारा माणूस तिला कुठला ठाऊक? आणि दादापुढे बोलायची सोय नाही. त्यांचा विषय निघाला की तो काहीतरी दुरुस्त करायला उठतो. आमच्याइतके धडधाकट नळ साऱ्या इमारतीत कोणाकडे नसतील. त्याला फार लागलं आहे, म्हणून मीही तोंड मिटते. पण मिटून मिटून माझी दातखीळ बसायची वेळ आली.

आता ऐक. तुझ्यासाठी म्हणून त्याने चौथी बोट शोधली आहे. ती कुठेच थांबत नाही. किनारा नाही, वाळू नाही. सकाळच्या व्यायामापासून रात्रीच्या गाण्यापर्यंत कार्यक्रम, आणि तिन्ही वेळा आपल्या सहा जणांचं एकच टेबल. तो इतका खूश आहे, की आठ दिवस कोणी कोणाला सुटणार नाही असं घरभर सांगत फिरतो.

तू हुशार आहेस, पण रागात तुझी अक्कल गहाण पडते. तुझा तिटकारा खरा आहे ना? मग तो असा फुकट का घालवतेस? बोट किनाऱ्याला लागली की उतरणार कोण? दादा, वहिनी आणि जुळी. सकाळी जातील ते संध्याकाळी लालबुंद होऊन परततील. मागे राहणार कोण? एक ती, जिला वाळू चालत नाही. आणि दुसरी ती, जिचा गुडघा दुखतो. माझा गुडघा त्या दिवसांत फार दुखणार आहे, असं मला आत्ताच वाटतंय. खोटं बोलू नये हे खरं, पण गुडघा माझा आहे.

तेव्हा ती न थांबणारी बोट तेवढी रद्द करायला लाव. पहिली चार किनाऱ्यांची होती ना? त्याहून जास्त किनाऱ्यांची मिळाली तर बघ. शीळ कुठली ते कागदावर लिहून कळायचं नाही, भेटल्यावर घालून दाखवीन. मला येते.

मुलं बाहेर आली, थांबते. वेळेवर जेवत जा.

तुझी
आई

*

दि. १ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चौथ्या बोटीचं आईकडून कळलं. माझ्यासाठी तू एवढा खटाटोप केलास, त्याबद्दल मनापासून बरं वाटलं. कृपा करून ती रद्द कर.

मीच एक शोधली आहे, माहिती सोबत पाठवते. आठ दिवसांत सहा थांबे, सहाही वाळूचे. तिच्यावर स्विमिंग पूल आहे, खडक नाहीत, तेव्हा वहिनीचंही काही म्हणणं नसावं. आता तू म्हणशील बोट दिलं तर मनगट धरते. म्हण. हवं तर वेड लागलं म्हण. पण कारण विचारू नकोस आणि सहातला एकही किनारा कमी करू नकोस.

मी उतरणार नाही, हे मात्र अजूनही तसंच आहे.

तुझी
मुंगी

*

दि. ९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी प्रथम ते उलटं धरून बघितलं. तीन महिने मी किनारा नसलेला समुद्र शोधतोय! कामावरचे लोक मला विचारतात, की बहिणीला समुद्र नको तर तिला बोटीवर नेताच कशाला. आणि आता तुला सहा किनारे हवेत. कोणत्याही शहाण्या माणसाने तुझ्याशी बोलणं सोडलं असतं. मी ती बोट ठरवली, कारण आता माझ्यात पुढची शोधायचं त्राण नाही.

नावं नोंदवताना प्रत्येक थांब्यावर कोण उतरणार ते सांगावं लागतं. तुझं ठाऊकच होतं. आईला विचारलं, तर तिने गुडघा पुढे केला. मी म्हटलं, पहिल्या ठिकाणी तरी. गुडघा. तिसऱ्या ठिकाणी पायऱ्या नाहीत, असं सांगितलं. तरी गुडघा. परवा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती (हो, लिफ्टवाल्याच्याच इमारतीची, हसून घे), तेव्हा हाच गुडघा भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढून आला होता आणि वर येऊन मला दम लागला म्हणून हसला होता. मी लिफ्टवाला आहे, मूर्ख नाही.

तुम्हा दोघींना माझ्याशिवाय बसायचं आहे, हे कळलं तेव्हा फार राग आला. मी काय एवढा परका झालो? दोन दिवस घुम्यासारखा वागलो. शेवटी तुझ्या वहिनीला विचारलं, की या दोघींचं असं काय आहे जे माझ्यासमोर चालत नाही. तिने सरळ जुळ्यांना हाक मारली आणि त्यांचा खेळ मला करून दाखवायला सांगितलं. खेळ असा: एकाने आजोबा म्हणायचं, की दुसऱ्याने पळत जाऊन नळ घट्ट करायचा. दोघं पोट धरधरून हसत होती. कितीतरी दिवस खेळतात म्हणे. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मुंगे, मी मुद्दाम उठत नाही. बाबांचं नाव निघालं की पाय आपोआप चालायला लागतात. तुमच्या तोंडाला मी कुलूप लावलंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. रडण्याची मला भीती वाटते, एवढं खरं.

सहाव्या थांब्यावर वहिनी एकटी मुलांना घेऊन उतरेल, तिने कबूल केलं आहे. त्या दिवशी मी तुमच्याजवळ येऊन बसलो तर चालेल का? नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही. आईला अजून काही बोललो नाही. तिला गुडघ्याचा आनंद घेऊ दे.

तुझा
दादा

*

दि. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी भांडण संपवते. आईची खोली बदल. जुळ्यांना तुमच्या खोलीत घे, आईला समुद्र दिसेल अशी दे, आणि मला दोन मजले खालीच राहू दे. मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. तीन वर्षं आईला गाडीतून फिरवलंस, चार पावलं चालू दिलं नाहीस. हे सगळं एका पत्राने धुऊन निघत नाही.

तुझं पत्र मी कामावर वाचलं आणि पुन्हा घरी येऊन वाचलं. रडण्याची भीती तुला एकट्याला वाटते असं समजू नकोस. मी एवढी हट्टाला पेटले, तेही त्याच भीतीने. आईसमोर बाबांचं नाव घेतलं आणि तिला ते सोसलं नाही तर काय करायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिला सोसतं. तिला न बोलणंच सोसत नाही.

पहिले पाच किनारे आमचे. त्यात वाटा मागू नकोस, आणि काही विसरलं म्हणून मध्येच परत येऊन डोकावू नकोस. सहाव्याला ये. बाबांबद्दल आम्हाला जे जे ठाऊक आहे ते पाच दिवसांत बोलून संपलेलं असेल. पण तू त्यांच्याबरोबर कामावर जायचास, त्यांची गाडी चालवायचास, शेवटी दवाखान्यात रात्री तूच त्यांच्याजवळ होतास. तिथे ते काय बोलले, कशावर चिडले, कशाला हसले, हे आजवर कोणालाही सांगितलं नाहीस. आम्हीही विचारलं नाही. तेव्हा येताना बाबांची एक तरी अशी गोष्ट घेऊन ये, जी आईलाही ठाऊक नाही. रिकाम्या हाताने येऊ नकोस.

वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि हा नमस्कार खराखुरा आहे हेही सांग.

तुझी
मुंगी