ऑइलचा लाल दिवा

प्रिय बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, निरोप ठेवला तर उलट फोन करत नाहीस, म्हणून हा कागद. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, असं तू आयुष्यभर चिडवत आलास. आज मुद्दाम सुटं सुटं काढतेय, तेव्हा लागलं नाही ही सबब चालणार नाही. दरवाजाला कडी असेल तर काढ, खिडकीपाशी बस आणि शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. बरी म्हणजे जेवते, औषध घेते आणि दारावर कुणाचीही चाहूल लागली की मान वर करते. चिमणी शाळेत जायला लागली. तिच्या बाबांच्या चपला अजून दारातच ठेवते, मीही हलवत नाही. मी शिवणाची कामं पुन्हा घेतली आहेत, कारण घरात नुसतं बसलं की भिंती अंगावर येतात. तुझ्या गॅरेजच्या शटरवर कुणीतरी कसलीशी जाहिरात चिकटवून गेलं. मागच्या मोकळ्या जागेत अपघातातली गाडी ताडपत्रीखाली आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळते, पण बाजाराचा रस्ता तोच आहे, काय करणार!

तुझ्या दाजींना पोचवून आल्यावर तू सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालास, मी मारलं त्यांना. कुणी बोट दाखवायच्या आत स्वतःच स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून घेतलंस. माझ्या थोरल्या दिरांनी मान हलवली आणि तेवढ्याने निकाल लागला. मी तेव्हा तुझी बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तू कुलूप लावून निघून गेलास, त्या परक्या शहरातल्या खोलीत जाऊन बसलास.

सगळं सुरू झालं ते त्या जेवणाच्या टेबलावर. दाजींच्या ऑफिसात कुणीतरी गाडीचं फ्लशिंग करून घेतलं होतं. ऑइल बदलायच्या आधी औषधाची बाटली ओतायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, सगळा काळा गाळ बाहेर, इंजिन नव्यासारखं. दाजींना ते ऐकल्यापासून चैन नव्हतं. तू स्वच्छ नाही म्हणालास. वेळच्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदललेल्या गाडीला त्याची गरजच नाही, आणि तुमच्या गाडीला ते सोसायचं नाही, असं तू त्यांना समजावलंस. कारण यांनी वर्षानुवर्षं ऑइल बदललंच नव्हतं, कमी झालं की वरून ओतायचं, झालं. आत थराच्या थर बसलेला. तो एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत जाऊन अडकेल आणि इंजिनला ऑइलच पोचणार नाही, म्हणून खालचं चेंबर उतरवून हाताने साफ करू, गाडी काही दिवस माझ्याकडे सोडा, असं तुझं म्हणणं. आणि दाजी गाडी सोडणार? त्यांनी सगळ्यांसमोर तुझी फिरकी घेतली. आमचे मेहुणेबुवा अजून बैलगाडीच्या काळात आहेत, म्हणाले. आई हसली, मी हसले, तूही हसलास, पण तुझे कान लाल झाले होते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तू बाटली घेऊनच आलास. घ्या, करून टाकतो, म्हणालास.

त्यानंतर मी दिसेल त्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारत फिरले. बाई वेडी झाली, असं वाटलं असेल त्यांना. नीट ठेवलेल्या इंजिनाला फ्लशिंग नको आणि हयगय झालेल्या इंजिनाला ते झेपत नाही, असंच जो तो सांगत होता. मग ती बाटली बनवतात तरी कुणासाठी, असं मी एकाला विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, बाई. मला तिथेच रडू फुटलं. माझ्या शिलाई मशिनमध्ये धागे अडकले की वरून तेल ओतू नकोस, ब्रशने काढ, असं तूच मला शिकवलंस. आणि दाजींसमोर मात्र तुझा ताठा आडवा आला.

पण तू त्यांना बजावलं होतंस, तेही मी चहाचे कप धरून उभी असताना ऐकलं. ऑइलचा लाल दिवा लागला तर असाल तिथे बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मला फोन करा. अपघातानंतर पोलिसांना तू सांगितलंस, दिवा लागला असता तर ते थांबलेच असते. ते थांबले नाहीत म्हणजे दिवा लागलाच नाही. काम करताना माझ्याच हातून त्याची वायर निघाली असणार. ती वायर तू जिवाला लावून घेतलीस, मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचे ते मित्र आले, त्या दिवशी शेजारच्या सीटवर होते ते. कुबड्या घेऊन जिना चढले. इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसले होते, मेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं म्हणून. बारक्या, दिवा लागला होता. घाट सुरू व्हायच्या आधीच लागला होता. त्यांनी दाजींना दाखवलाही. दाजी हसले आणि म्हणाले, आता थांबून त्याला फोन केला की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, घरी पोचल्यावर बघू. चढावर इंजिन अडकलं, गाडी जागच्या जागी थांबली आणि मागचा ट्रक आवरला नाही. ऐकल्यावर मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. 

हे मी तुझं मन राखायला रचलेलं नाही. मला तसं रचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. आणि मी तुला माफ केलंय असंही समजू नकोस, ते अजून जमलेलं नाही. ती बाटली तू ओतायला नको होतीस. त्यांनी थांबायला हवं होतं. एकमेकांपुढे नाक खाली होऊ नये म्हणून तुम्ही दोघांनी माझा संसार पणाला लावलात. दोघांवरही माझा सारखाच राग आहे. पण त्यांच्याशी आता भांडता येत नाही. तुझ्याशी येतं.

काल तुझ्या गॅरेजशेजारचा वेल्डर आला होता, तुझ्या पान्यांची पेटी घेऊन. तू खोलीवर बोलावून त्याला कायमची देऊन टाकलीस, म्हणाला. बिचारा खूश नव्हता, घाबरला होता. जी पेटी तू सख्ख्या बहिणीला उघडू दिली नाहीस, ती दुसऱ्याला देऊन तू रिकाम्या हाताने त्या खोलीत बसला आहेस, याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. म्हणून हे पत्र. ते वेल्डरच्याच हाती देतेय. तू वाचून संपवेपर्यंत तो समोरून हलणार नाही आणि त्यानंतरही हलणार नाही, तसं त्याच्याकडून वचन घेतलंय. पहिल्या गाडीने मी निघतेय. एक माणूस पोचवून आलेय, बारक्या, दुसरा पोचवायची ताकद माझ्यात नाही. मी येईपर्यंत नुसता बसून राहा. काही करू नकोस.

तुझीच, तुझ्याशी भांडायला निघालेली,
ताई