लेबल खरडलेलं तेल

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेला नाही. तुम्हाले जाऊन बारा वर्षं झाली, दोन मासिकांत माझं छापून आलं, लोक मले लेखक म्हणायले लागले, पण बर्फाच्या कारखान्यातल्या मशीनचं ते तेल आठवलं की डोकं तापतेच. तेलाचा नवा डबा आला की तुमचं पहिलं काम काय? तर हॅक्सॉचं तुटकं पान घेऊन लेबल खरडायचं, वरून रॉकेलची चिंधी फिरवायची. डबा पुरा नागडा झाला की मगच झाकण उघडायचं. मी एकदा विचारलं, काहून? तुम्ही मान वर न करता म्हटलं, "सेठले तेलाचं नाव समजलं का मग त्याले मिस्त्री लागत नाही. तू कॉलेजात जा."

पटलं मले. पण घरच्या माणसालेही नाही सांगायचं?

तुम्ही गेल्यावर सेठनं तुमची जागा मले दिली, म्हणून कारखान्याचं क्वार्टर राहिलं. दोन उन्हाळे उरलेल्या डब्यांवर निघाले. तिसऱ्या वर्षी ऐन लग्नसराईत तेल संपलं. बाजारातलं टाकलं, तर ते थंडीनं गोठून मशीनच्या नळ्यांत बसलं, अन् बर्फाच्या लाद्या मधातून कच्च्या, नुसतं पाणी. गिऱ्हाईकं दारात उभी राहून शिव्या देऊन राहिली होती. सेठ म्हणे, "तुझ्या बापाच्या हातचा बर्फ कसा खणखण वाजे! आठ दिवस देतो. नाहीतर दुसरा मिस्त्री पाहतो, अन् क्वार्टर त्याले लागंल." आईनं भांडी तेवढी जोरात घासली.

मग मी हिंडलो. बाटलीत उरलेलं घोटभर तेल दुकानादुकानात हुंगायले दिलं. एक म्हणे मुंबईचं आहे, एक म्हणे परदेशी, आता येत नाही. एकानं तर बोट बुडवून चाटलं अन् म्हणे, "एरंडीचं तर नाही बाप्पा." मी मुंबईले पत्रं टाकली. सहाव्या दिवशी एसटी स्टँडवरचा हमाल हसला, "मिस्त्रीचे डबे? ते तर कळमेश्वरच्या गाडीच्या टपावर येत जी. मीच उतरवो." घंटाभराचा रस्ता, बाबा!

तिथं पत्र्याच्या शेडमधे एक म्हातारे तेल बर्फात थंड करून त्यातलं गोठणारं मेण गाळून राहिले होते. मले पाहून म्हणे, "जयभीम. मिस्त्रीचं पोरगं ना तू? नाक तेच आहे. चिठ्ठी कुठाय?"

"कशाची चिठ्ठी?"

"मिस्त्रीची. त्यानं बजावलं मले, माझा पोरगा आला तरी चिठ्ठीबगर देजो नोको. दोन-तीन वर्षांपासून फिरकला नाही. रुसला का गा माझ्यावर?"

म्हणजे तुम्ही गेल्याचं त्यायले कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगायले तोंड उघडलं, पण 'पोरगा आला तरी' हे शब्द डोक्यात घुसून बसले होते. तणतणत बाहेर आलो, चहाच्या टपरीवर वहीचं पान फाडलं अन् तुमच्या अक्षरात लिहिलं. तिरपं, वरच्या रेघेबिगर. 'पोराले दोन डबे देणे. तब्येत ठीक.' त्यायनं चष्मा लावून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं अन् डबे काढले. लाद्या पुन्हा वाजायले लागल्या. क्वार्टर वाचलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ती चिठ्ठी लिहितो. त्यात तुम्हाले आधी गुडघेदुखी दिली, मग मोतीबिंदू, म्हणून तुमचं येणं होत नाही. म्हातारे तुमच्यासाठी जवसाची चटणी देतात. आई चटणीचा डबा धुऊन परत देते, विचारत काही नाही.

परवा त्यायनं नातीच्या लग्नाची पत्रिका हातात ठेवली. वर तुमचं नाव. "त्याले सांगजो, उचलून आणीन पण आणीन. मोतीबिंदू-बितीबिंदू काही चालणार नाही." मी "हाव, सांगतो" म्हटलं.

ते हाव तेलासाठी नव्हतं, बाबा. तेलाचं नाव, ते गाळायची रीत, सारं त्यायनं मले कधीच सांगून टाकलं. चिठ्ठी आता ते मागतही नाहीत. तरी मी लिहून नेतो. "मिस्त्री कसा आहे गा?" असं विचारणारं दुसरं कोणी उरलं नाही, अन् ते विचारणं माझ्या तोंडानं बंद करायची हिंमत होत नाही. लग्न रविवारी आहे.